विश्वास आणि पंगत : मराठी ख्रिस्ती गद्यातील परधर्मीय सहवासाचा प्रश्न

धर्मांतर करण्याला मराठी बोलीत रूढ असलेला जुना शब्द 'बाटणे' हा होय. या शब्दात श्रद्धेचा कोठेही उल्लेख नाही. मनुष्य काय मानू लागला याच्याशी त्याला कर्तव्य नसून मनुष्याने काय खाल्ले, कोणाच्या हातचे पाणी प्याले, कोणाच्या पंक्तीला बसला, एवढ्याचीच तो नोंद घेतो. वसई आणि गोवा या भागांत सांगितली जाणारी एक आख्यायिका या दृष्टीने बोलकी आहे. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला, त्या विहिरीचे पाणी लोक प्याले आणि सारे गाव बाटले, अशी ती कथा. इतिहास म्हणून तिचे मोल कितीही कमी असो. समाजाच्या मनात धर्माची सीमारेषा कोठून जात होती, हे ती नेमके दाखवते. उलट, ख्रिस्ती झालेली व्यक्ती स्वतःसंबंधी बोलताना 'बाप्तिस्मा', 'तारण', 'प्रभूचा स्वीकार' असे शब्द वापरते. हे सर्व शब्द अंतःकरणाकडे बोट दाखवतात. एकाच घटनेचे वर्णन करणाऱ्या या दोन शब्दसंग्रहांमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरात मराठी ख्रिस्ती गद्यातील महत्त्वाचे लेखन घडले आहे.

आपली श्रद्धा अबाधित ठेवून ती न मानणाऱ्या आप्तांशी, शेजाऱ्यांशी आणि स्नेह्यांशी नित्याचा व्यवहार कसा करावा, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या आरंभापासून चर्चिला गेला आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात त्याने कोणते विशिष्ट रूप घेतले आणि त्या रूपाचा साहित्यकृतींच्या रचनेशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. करिंथ आणि कोकण

या प्रश्नाची ख्रिस्ती परंपरेतील मूळ मांडणी पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आढळते. करिंथ हे मूर्तिपूजकांचे भरभराटीचे नगर होते आणि तेथील मूठभर ख्रिस्ती लोकांपुढे दोन अडचणी होत्या. पहिली विवाहाची : पतिपत्नींपैकी एकानेच विश्वास धरला असेल तर काय करावे? पौलाचे उत्तर असे की, विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये. दुसरी अडचण अन्नाची : मूर्तीपुढे ठेवलेले मांस खावे काय? येथे पौल म्हणतो की, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवावयास बोलावले तर जावे, पुढे वाढलेले चौकशी न करता खावे. परंतु हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकासाठी ते टाळावे.

या दोन्ही उत्तरांमागे एक गृहीत आहे. अडचण विश्वासणाऱ्याच्या मनात आहे. विश्वास न ठेवणारा यजमान मात्र त्याला पंक्तीला घेण्यास सिद्ध आहे. महाराष्ट्रात नेमके याच्या उलट घडले. ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाला किंवा कासाराला आपल्या जुन्या घरी जेवावे की न जेवावे हा पेच क्वचितच पडला, कारण त्याचे पान तेथे मांडलेच जात नव्हते. शंका पाहुण्याला नव्हती, यजमानाला होती. करिंथमध्ये जे स्वातंत्र्य विश्वासणाऱ्याच्या हाती होते, ते येथे त्याच्या परधर्मीय आप्तांच्या हाती होते.

भेदाचे आणखी एक अंग आहे. पौलाच्या पत्रातील 'विश्वास न ठेवणारा' या पदाला मराठी व्यवहारात सरळ प्रतिशब्द नाही. 'नास्तिक' म्हणजे देवच न मानणारा. 'अख्रिस्ती' हा शब्द केवळ गट दाखवतो. ज्याच्याशी मराठी ख्रिस्ती माणसाचा रोजचा संबंध येई तो शेजारी वारकरी असे, रामदासी असे, दत्तभक्त असे. तो श्रद्धाहीन नव्हता, वेगळ्या श्रद्धेचा होता. आणि ती श्रद्धा ख्रिस्ती झालेल्या माणसाने स्वतः लहानपणी जगलेली होती. त्यामुळे परधर्मीयाशी वागणे म्हणजे एका अर्थी आपल्याच पूर्वायुष्याशी वागणे होते.

२. फर्मानाने आखलेली रेषा

या प्रश्नाला सत्तेच्या बळावर दिलेले उत्तर गोव्याच्या इतिहासात मिळते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराणासाठी मराठी भाषा आणि ओवीछंद स्वीकारला. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या कानांना सवयीचे असलेले रूप त्यांना नव्या कथेसाठी हवे होते. येथे श्रद्धा पालटते, पण ती ऐकण्याची रीत तीच राहते. मात्र याच गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली होती आणि १७३६ मध्ये तिने काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती घरांतील अनेक देशी रीतिरिवाजांना बंदी करण्यात आली. लग्नातल्या ओव्या, विडे वाटणे, अळणी भात शिजवणे, दारातली तुळस, धोतर नेसणे अशा गोष्टींचा त्यात समावेश होता.

हे फर्मान वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्यातील बहुतेक बाबी स्वयंपाकघर, अंगण आणि माजघर यांच्याशी निगडित आहेत. श्रद्धेच्या अधिकाऱ्यांनाही धर्माची सीमा अन्नावरून आणि वस्त्रावरून जाते असेच वाटत होते. म्हणजे 'बाटला' म्हणणारा समाज आणि फर्मान काढणारी संस्था परस्परांच्या विरोधात असूनही एका गृहीतावर सहमत होत्या : श्रद्धेची रेषा आणि आचाराची रेषा एकच आहे. या दोन रेषा वेगळ्या करून दाखवणे हे पुढील काळातील मराठी ख्रिस्ती लेखकांनी केलेले कार्य होय.

३. लपवलेला विश्वास : यमुनापर्यटन

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे मूळचे बेळगावचे, कासार समाजातील. त्यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा विचार सहसा विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण म्हणून केला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिची मांडणी अधिक लक्षणीय आहे. कादंबरीची नायिका मनाने ख्रिस्ती आहे, पण ती हिंदू घरातील सून आहे. तिचा विश्वास उघड झालेला नाही. पती विनायक याच्याबरोबर ती प्रवास करते. वाटेत त्या दोघांना निरनिराळ्या ठिकाणच्या विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या ऐकावयास मिळतात.

या रचनेमुळे यमुनेला एक दुहेरी स्थान लाभते. ती त्या बायकांमध्ये त्यांच्यापैकीच एक म्हणून बसू शकते आणि त्याच वेळी त्यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहू शकते. बाप्तिस्मा घेतलेल्या स्त्रीला ती माजघरे बंद झाली असती. लेखकाला परधर्मीय स्त्रियांच्या दुःखापर्यंत पोचावयाचे होते आणि त्यासाठी नायिकेचा विश्वास झाकलेला ठेवणे त्याला भाग होते. परंतु ही युक्ती फार काळ टिकत नाही. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना स्वतःच विधवा होते. केशवपनाचे संकट तिच्यावर येते. शेवटी ती बाप्तिस्मा घेते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते. दोन जगांत एकाच वेळी राहणे या कादंबरीला प्रवासापुरतेच शक्य वाटते. घर आले की निवड करावी लागते.

४. दोन्हीकडून आलेला नकार : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बाबतीत निवड उघड होती, पण ती कोणालाच पुरती मान्य झाली नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्यांनी मांसाहार केला नाही. १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात या आहारावरून, तसेच धर्मतत्त्वे कोणाच्या अधिकाराने स्वीकारावीत यावरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला वाद विस्ताराने आढळतो. क्रुसावरील लॅटिन अक्षरांना त्यांनी घेतलेली हरकतही तेथे आहे. ही भाषा आपल्या देशबांधवांना अपरिचित आहे, मग संस्कृत अक्षरे का असू नयेत, असा त्यांचा आशय होता. श्रद्धा पूर्ण स्वीकारावयाची, पण ती ज्या वेष्टनात आली ते वेष्टन श्रद्धेचाच भाग मानावयाचे नाही, ही त्यांची भूमिका होती.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास हलवले. सदनातील मुलींच्या धर्माचारात हस्तक्षेप होणार नाही, असे वचन होते. मुलींना आपापले सोवळेओवळे पाळता येत असे. पण रमाबाई स्वतः ज्या खोलीत प्रार्थना करीत, तिचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. दार लावावे की उघडे ठेवावे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण ख्रिस्ती व्यक्तीने परधर्मीयांमध्ये कसे राहावे या सबंध वादाचा तो सारांश आहे. दार लावणे म्हणजे श्रद्धा लपवणे; उघडे ठेवणे म्हणजे, टीकाकारांच्या मते, आमिष दाखवणे. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळातील सदस्यांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांच्याशी विचाराने सर्वांत अधिक जवळीक होती, त्या सुधारकांशीच रमाबाईंचा संबंध तुटला.

येथे दोन्ही पक्षांची अडचण समजून घेणे आवश्यक आहे. सुधारकांनी पालकांना शब्द दिला होता. तो मोडला गेल्याची भावना खोटी नव्हती. रमाबाईंनाही उपदेश न करण्याचे बंधन मान्य होते, परंतु स्वतःची प्रार्थना चोरून करणे मान्य नव्हते. तटस्थता म्हणजे नेमके काय, यावर दोन प्रामाणिक बाजूंचे एकमत होऊ शकले नाही.

५. एका घरातील दोन चुली : स्मृतिचित्रे

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांनी तो घेतला सुमारे पाच वर्षांनी. मधल्या काळाची हकिगत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या चार भागांच्या आत्मचरित्रात आली आहे. त्याचे प्रकाशन १९३४ पासून सुरू झाले. पौलाने ज्या विवाहाचा विचार केला होता, तोच विवाह येथे प्रत्यक्ष उभा राहतो. फरक एवढाच की, करिंथच्या पत्रात विश्वासणाऱ्या जोडीदाराला उपदेश आहे आणि येथे विश्वास न ठेवणारी जोडीदार स्वतः बोलते आहे.

कायद्यानेही या परिस्थितीची दखल घेतली होती. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीच्या पतीने वा पत्नीने धर्मांतरामुळे सहवास नाकारला, तर विवाहविच्छेद मागण्याची तरतूद १८६६ च्या कायद्यात होती. टिळक दांपत्याचा विवाह त्या वाटेने गेला नाही. ताटातुटीची वर्षे संपवून लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या, तरी आरंभी त्यांनी स्वतःचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी ते चालू दिले. एका घरात दोन चुली, एकीकडे प्रार्थना आणि दुसरीकडे सोवळे, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेचा शेवट ज्या क्रमाने झाला, तो क्रम अर्थपूर्ण आहे. लक्ष्मीबाईंच्या मनातून प्रथम जातिभेद गेला; ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा. माणसामाणसांत असा भेद देवाने केला असेल काय, हा विचार त्यांना एकटीने सुचला आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय त्यांनी केला. 'बाटणे' या शब्दातील कारणपरंपरा येथे पूर्णपणे मोडीत निघते. समाजाच्या मते अन्न आधी आणि त्यामुळे धर्म गेला, असे झाले असते. लक्ष्मीबाईंच्या कथनात अन्नासंबंधीचा निर्णय हा त्यांचा स्वतंत्र नैतिक निर्णय आहे, आणि तो घेताना त्या ख्रिस्ती नव्हत्या.

स्मृतिचित्रांच्या शैलीचे रहस्यही बहुधा येथेच सापडेल. ग्रंथाच्या प्रारंभी वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन येते. घरात येणारे जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत त्याची मजल गेली होती आणि १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर आलेल्या आघाताशी त्याचा संबंध होता. धर्मांतरित लेखिकेने हे वर्णन निषेधाच्या स्वरात केले असते तरी आश्चर्य नव्हते. प्रत्यक्षात ते विनोदाने केले आहे, आणि त्या विनोदात तुच्छता नाही. याचे कारण, हसणारी स्त्री एकेकाळी त्या सोवळ्याच्या आत राहिलेली आहे. जिला पतीच्या धर्मांतराने वेड्यासारखे केले आणि जी पुढे स्वतः त्या धर्मात गेली, ती स्त्री एकच. सीमेच्या दोन्ही बाजूंना उभे राहून लिहिता येणे ही दुर्मीळ गोष्ट तिला लाभली, म्हणून परधर्मीय वाचकालाही या ग्रंथात परकेपणा वाटत नाही.

टिळकांनी स्वतःही रेषा पुसण्याचा प्रयत्न वेगळ्या रीतीने केला. त्यांनी नाव बदलले नाही. विष्णूची दोन नावे, नारायण आणि वामन, धारण करूनच ते ख्रिस्ती कवी म्हणून मान्यता पावले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत, आणि त्यांची ख्रिस्तभक्ती अभंगातून प्रकट झाली. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात 'बालकवी' म्हणून गौरवला गेलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा हिंदू तरुण पुढे त्यांच्या नगरच्या घरी मुलासारखा राहिला; लक्ष्मीबाईंनी त्याच्या आठवणी ममतेने लिहिल्या आहेत. १९१७ मध्ये टिळक मिशनच्या सेवेतून मुक्त झाले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. दोन वर्षांत टिळकांचे निधन झाल्याने ती पुढे वाढली नाही, परंतु तिच्यातील विचार स्पष्ट आहे : संस्काराची सीमा हीच श्रद्धेची सीमा नव्हे.

६. तौलनिक संदर्भ

हाच अनुभव मराठी घराबाहेर, दुसऱ्या भाषेत गेल्यावर काय होते, हे कृपाबाई सत्यनादन (१८६२–१८९४) यांच्या 'सगुणा' या इंग्रजी कादंबरीवरून पाहता येते. कृपाबाईंचा जन्म नगरच्या खिस्ती या धर्मांतरित ब्राह्मण कुटुंबातला; लेखन मद्रासमध्ये झाले आणि 'सगुणा' तेथील ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून १८८७–८८ मध्ये क्रमशः आली. तिच्यातील राधा ही पतीच्या धर्मांतरानंतर अनिच्छेने त्याच्यामागे आलेली पत्नी आहे, म्हणजे लक्ष्मीबाईंच्याच स्थितीतली स्त्री आहे. पण येथे तिची कथा मुलगी सांगते, आणि मुलगी ख्रिस्ती घरातच वाढली आहे. राधेचा संघर्ष वाचकापर्यंत पोचतो तो पूर्ण झालेल्या गोष्टीच्या रूपात, त्याचा शेवट आधीच ठरल्यासारखा. स्मृतिचित्रांतील संघर्षाला असा निश्चित शेवट दिसत नाही, कारण सांगणारी स्वतः त्यात अडकलेली आहे. भाषेच्या भेदाबरोबरच पिढीचा हा भेद विचारात घ्यावयास हवा.

तमिळमध्ये एच. ए. कृष्ण पिळ्ळै (१८२७–१९००) या मूळच्या वैष्णव कवीने १८५८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८९४ मध्ये 'रक्षण्य यात्रिकम्' हे महाकाव्य प्रसिद्ध केले. बनियनच्या यात्रिकाची कथा त्याने कंबनाच्या काव्यपरंपरेत बसवली. पूर्वपरंपरेशी नाते राखण्याचा हा मार्ग काव्यरूपाचा आहे आणि स्टीफन्स व टिळक यांच्याशी तो जुळतो. परंतु घरातील चूल आणि पाणी यांचा हिशेब महाकाव्यात मांडता येत नाही. तो मांडण्यासाठी गद्य लागले. विशेषतः स्त्रीने लिहिलेले गद्य, कारण तो हिशेब रोज तिलाच ठेवावा लागत होता.

७. मर्यादा आणि निष्कर्ष

वरील विवेचनाला एक गंभीर मर्यादा आहे. येथे उल्लेखिलेले महाराष्ट्रातील बहुतेक लेखक उच्चवर्णीय आहेत. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मात्र महार आणि मांग समाजांतून आला. त्यांच्यासाठी परधर्मीयाशी संबंध हा पंक्तीतून उठवले जाण्याचा प्रश्न नव्हता. त्या पंक्तीत त्यांना कधी स्थानच नव्हते. बाप्तिस्म्यानंतरही गावाच्या दृष्टीने त्यांची जात तीच राहिली आणि वस्तीही तीच राहिली. लक्ष्मीबाईंनी जे सोडले ते सोडण्याजोगे त्यांच्यापाशी होते. ज्यांच्यापाशी ते नव्हते त्यांच्या घरांतील दोन श्रद्धांच्या सहवासाचे चित्र मुद्रित साहित्यात अत्यल्प उमटले आहे. मराठी ख्रिस्ती अनुभव म्हणून जो अभ्यासला जातो, तो या अर्थाने अपुरा आहे, हे तौलनिक अभ्यासकाने विसरता कामा नये.

या मर्यादेसह एक निष्कर्ष मांडता येतो. यमुनापर्यटनात श्रद्धा राखण्यासाठी अखेर घर सोडावे लागते. शारदा सदनात दार उघडे ठेवल्यामुळे स्नेही दूर जातात. स्मृतिचित्रांत दोन चुली काही काळ शेजारी शेजारी पेटतात, आणि ज्या घरात हे सहन केले गेले त्या घरातून मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र निर्माण झाले. श्रद्धेची दृढता आणि परधर्मीयाविषयीचे सौजन्य ही एकमेकांना छेद देणारी मूल्ये आहेत, असे समजण्याचा प्रघात आहे. टिळकांच्या घरातील अनुभव त्याला दुजोरा देत नाही : पतीने पत्नीच्या सोवळ्याला जागा दिली म्हणून त्याची श्रद्धा उणी झाली नाही, आणि पत्नीने आपला निर्णय स्वतःच्या वेळी घेतला म्हणूनच तो तिचा ठरला.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्माच्या कारणावरून काहींनी विरोध केला. मराठी साहित्यव्यवहाराने तो मान्य केला नाही. दिब्रिटो अध्यक्ष झाले. चार शतकांपूर्वी ओवीतून मराठीत आलेल्या श्रद्धेला मराठी पंक्तीत पान मांडलेले आहे की नाही, हे अशा प्रसंगी पुन्हा विचारले जाते. त्याचे उत्तर ज्याचा त्याचा शेजारी देतो.